चरबीचं गणित सोडवणारा शतायुषी विद्यार्थी : मिशेल शेव्ह्रल

हॉस्टेलच्या बाथरूममधली फळी जरा डोळ्यांसमोर आणा. साबणाची झिजलेली वडी, शाम्पूची फाडलेली पुडी आणि कोणाची तरी कंडिशनरची बाटली (जी मालकापेक्षा इतरच जास्त वापरतात!). त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचलीत तर सुरुवातीच्या नावांत बहुधा सिटाइल अल्कोहोल सापडेल. हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढणारा माणूस 1786 साली जन्मला आणि 1889 साली गेला. म्हणजे तब्बल 102 वर्षं जगला. मिशेल यूजीन शेव्ह्रल हे त्याचं नाव.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमच्या गटाने विषय घेतला होता : केस मऊ करणारे घन कण, जे उन्हाळ्यात वितळून एकमेकांना चिकटणार नाहीत. ऐकायला सोपा वाटतो. पण लायब्ररीत कुठूनही सुरुवात करा, वाट फिरून या फ्रेंच म्हाताऱ्याच्या दारात येते. म्हणून म्हटलं, यंदा मासिकात त्याच्याबद्दलच लिहावं.

शेव्ह्रल फ्रान्समधल्या आँजे गावचा. वडील डॉक्टर. बालपण राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेलं. 1803 साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो पॅरिसला आला आणि वोक्लँ या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिकू लागला. 1811 मध्ये त्याच्या हाती तपासायला आला साबणाचा एक नमुना, डुकराची चरबी आणि पोटॅश यांपासून केलेला. पाण्यात घातल्यावर त्यातून मोत्यासारखे चमकणारे स्फटिक खाली बसले. दुसऱ्या कोणी रीडिंग लिहून जर्नल सबमिट केलं असतं. हा पठ्ठ्या पुढची बारा वर्षं चरबीतच रमला!

तेव्हा समज असा होता की, चरबी आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो, बास. शेव्ह्रलने दाखवलं की, चरबी मुळात फुटते. तिच्यातून एकीकडे आम्लं निघतात आणि दुसरीकडे ग्लिसरीन. अल्कली जोडली जाते ती त्या आम्लांना. मेंढीच्या चरबीतून स्टिअरिक आम्ल, लोण्यातून ब्युटिरिक, शिवाय ओलेइक, कॅप्रिक अशी एकेक आम्लं त्याने वेगळी केली, त्यांना नावं दिली. स्पर्म व्हेल देवमाशाच्या डोक्यातल्या मेणावर अल्कलीची क्रिया करून 1817 च्या सुमारास जो पदार्थ मिळवला, तेच आपलं सिटाइल अल्कोहोल. ईथर आणि अल्कोहोल यांची आद्याक्षरं जोडून त्याने त्याचं नाव एथाल ठेवलं होतं. हे सगळं काम 1823 मध्ये ग्रंथरूपाने आलं.

पण हे केलं कसं? ना क्रोमॅटोग्राफ, ना स्पेक्ट्रोमीटर. हत्यार एकच, थर्मामीटर. पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, स्फटिक काढायचे, वितळणबिंदू बघायचा. पुन्हा विरघळवायचा, पुन्हा बघायचा. आकडा बदलायचा थांबला की पदार्थ शुद्ध मानायचा. लॅबमध्ये आपण ज्या प्रयोगाला कंटाळतो, त्यावर या माणसाने एक अख्खं शास्त्र उभं केलं.

आता प्रोजेक्टकडे येतो. ओल्या केसावर ऋण भार असतो, म्हणून कंडिशनरमध्ये धन भाराचा घटक घालतात. तो केसाला चिकटतो. मऊपणा आणि अंग येतं ते सिटाइलसारख्या मेदयुक्त अल्कोहोलमुळे. पण सिटाइल साधारण 49 अंश सेल्सिअसला वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद ट्रकमध्ये एवढं तापमान सहज होऊ शकतं. साखळी लांब केली की बिंदू वर चढतो : स्टिअराइल 59 च्या आसपास, बेहेनाइल 70 च्या आसपास. मग सगळं बेहेनाइलच का घालू नये? कारण कण इतके घट्ट होतात की आंघोळीच्या कोमट पाण्यात केसांवर पसरतच नाहीत. गोदामात टिकायचं आणि डोक्यावर विरघळायचं, दोन्ही एकाच कणाने करायचं! सगळी कसरत या दोहोंच्या मध्ये आहे.

आणि इथेच शेव्ह्रलच्या आयुष्यातला एक मोठा धडा आहे. त्या पहिल्या मोत्यासारख्या स्फटिकांतून मिळालेल्या आम्लाला त्याने मार्गारिक असं नाव दिलं. 1850 च्या दशकात हाइन्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सिद्ध केलं की, ते एक आम्ल नसून पामिटिक आणि स्टिअरिकचं मिश्रण आहे. पामिटिक सुमारे 63 अंशांना वितळतं, स्टिअरिक 69 ला. पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर मिश्रण 55 च्या जवळपासच ढासळतं, दोघांच्याही खाली. फेज डायग्रामच्या तासाला झोपलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन टणक घटक एकत्र आले म्हणजे कण टणक होईलच असं नाही. आमचं प्रत्येक मिश्रण म्हणूनच आधी ओव्हनमध्ये तापवून बघावं लागलं. शेव्ह्रलचं एक आम्ल यादीतून गेलं, पण पद्धत मात्र टिकली.

पैशाच्या बाबतीत नशीब यथातथाच. 1825 मध्ये गे-ल्युसॅकबरोबर त्याने स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. चरबीच्या धुरकट, घाण वासाच्या मेणबत्तीपेक्षा ही कितीतरी उजळ आणि कडक. धंदा मात्र जमला नाही. पुढे 1830 च्या दशकात द मिली याने महागड्या अल्कलीऐवजी चुना वापरला आणि ती मेणबत्ती घरोघरी पोचली. शोध आणि उत्पादन यांच्यामध्ये जी दरी असते ना, ती भरणाऱ्यालाच इंजिनिअर म्हणतात!

शेव्ह्रल दुसऱ्या कामाला लागलाही होता. 1824 पासून गोब्लँ या सरकारी गालिचा कारखान्यात तो रंगकामाचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. त्याने शोधलं की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगांमुळे डोळा फसतो. यावरचा त्याचा 1839 चा ग्रंथ चित्रकारांनी डोक्यावर घेतला. 1864 ते 1879 तो पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा संचालक होता, म्हणजे वयाच्या नव्वदीनंतरही खुर्चीवर!

1886 मध्ये त्याची शंभरी फ्रान्सने थाटात साजरी केली. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्याचं नाव आहे. तो टॉवर उभा राहिला आणि काही दिवसांतच, 9 एप्रिल 1889 ला, शेव्ह्रल गेला. एवढे मानसन्मान मिळूनही तो स्वतःला फ्रान्सचा सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी म्हणवून घ्यायचा. आपल्याला चार वर्षांची डिग्री लांबलचक वाटते, तेव्हा या विद्यार्थ्याची हजेरी जरूर आठवावी.