पाण्याचा दाब वाचणारा गणिती

मोठ्या जलवाहिनीतून दर सेकंदाला किती पाणी वाहते, हे ती न फोडता कसे सांगायचे? जलशुद्धीकरण केंद्रांत आणि कारखान्यांत यासाठी आजही एक साधी युक्ती वापरली जाते. वाहिनीच्या दोन फ्लँजमध्ये मधोमध भोक असलेली धातूची पातळ चकती बसवतात आणि तिच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजतात. या ‘ऑरिफिस प्लेट’मागील तत्त्व ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या डॅनियल बर्नोली यांचे आयुष्य मात्र घरातल्याच दाबाखाली गेले.

डॅनियल यांचा जन्म ८ फेब्रुवारी १७०० रोजी नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे झाला. घराणे स्वित्झर्लंडमधील बाझलचे आणि गणितज्ञांचे. वडील योहान हे युरोपातील अग्रगण्य गणिती. तरीही मुलाने व्यापार करावा, असा त्यांचा आग्रह होता. अखेर तडजोड म्हणून डॅनियल वैद्यक शिकले आणि १७२१ मध्ये श्वसनक्रियेवर प्रबंध लिहून पदवीधर झाले. शरीरातील प्रवाहांचा हा अभ्यास त्यांना पाण्याच्या प्रवाहाकडे घेऊन गेला.

१७२५ मध्ये ते थोरले बंधू निकोलस यांच्यासह सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाले. वर्षभरातच निकोलस यांचे निधन झाले. पुढे लिओनार्ड ऑयलर यांची साथ लाभली आणि डॅनियल यांच्या कार्याला बहर आला. वाहते पाणी नळीच्या भिंतीवर किती दाब देते, याचा त्यांनी प्रयोगांनी शोध घेतला. नळी अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१७३३ मध्ये ते बाझलला परतले. पॅरिस अकादमीचे १७३४चे पारितोषिक पिता-पुत्रांना विभागून मिळाले आणि मुलाशी झालेली ही बरोबरी योहान यांना सहन झाली नाही. १७३८ मध्ये डॅनियल यांचा ‘हायड्रोडायनामिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर योहान यांचा ‘हायड्रॉलिका’ आला, पण त्यावर १७३२ हे साल घातलेले होते! त्यात योहान यांचे स्वतंत्र विचारही होते; परंतु अग्रमान मुलाकडून हिरावला जात होता. दहा वर्षांचे श्रम वाया गेल्याची व्यथा डॅनियल यांनी ऑयलर यांना पत्राने कळवली.

काळाने मात्र न्याय केला. १७ मार्च १७८२ रोजी डॅनियल यांचे निधन झाले, तोवर पॅरिस अकादमीची दहा पारितोषिके त्यांच्या नावावर जमा होती.

चकतीतून जाताना पाण्याची धार आकसते, वेग वाढतो, दाब उतरतो. दाबातील फरक चौपट झाला, तर प्रवाह दुप्पट झाला असे समजायचे. मात्र धार भोकापलीकडे गेल्यावरही आणखी आकसते. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह आदर्श सूत्राच्या सुमारे ०.६ पट भरतो आणि हा गुणांक हिशेबात धरावा लागतो. भोकाची प्रवाहाकडील कड झिजून बोथट झाली, तर मोजमाप खऱ्यापेक्षा कमी येते. म्हणूनच कड धारदार राखणे आणि चकतीआधी वाहिनी पुरेशी सरळ ठेवणे अगत्याचे असते.

पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवण्याची निकड आज वाढते आहे. तो हिशेब शक्य करणाऱ्याला स्वतःच्या श्रमांचा हिशेब मात्र घरात कधीच नीट मिळाला नाही.