कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात विरळाच. त्यांच्या तसबिरीस आपण दरवर्षी हार घालतो. परंतु ते मूळ कोणत्या गावचे, त्यांच्या घराण्याचे आडनाव काय आणि त्यांचा वारसा कोणाकडे गेला, हे विचारले असता पुष्कळांस सांगता येत नाही. म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या घराण्याची हकीगत संक्षेपाने वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात कटगुण हे गाव आहे. तेथील गोऱ्हे हे फुल्यांचे मूळ घराणे. जोतीरावांचे पणजोबा गावचे चौगुले, म्हणजे पाटलाच्या हाताखालचे वतनदार होते. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वितुष्ट आले. त्याचे पर्यवसान कुलकर्ण्याच्या खुनात झाले आणि पणजोबांस घरदार व वतन टाकून पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे आश्रय घ्यावा लागला, असे चरित्रकार सांगतात. त्यांचे पुत्र शेटिबा. दारिद्र्याने गांजलेले हे कुटुंब पुढे पुण्यास आले. शेटिबांचे राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे तीन पुत्र. त्यांनी एका फुलमाळ्याच्या पदरी राहून हार, गजरे व फुलांच्या गाद्या करण्याची कला हस्तगत केली. त्यांचे कसब पाहून पेशव्यांनी त्यांस जमीन इनाम दिली, आणि फुलांच्या धंद्यावरून गोऱ्ह्यांचे फुले झाले. पुढे इनाम राणोजींनी स्वतःकडे घेतले. तेव्हा गोविंदरावांनी फुलांच्या व भाजीपाल्याच्या व्यापारावर संसार उभा केला.

ह्या गोविंदराव व चिमणाबाई यांच्या पोटी 1827 मध्ये जोतीरावांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांस आईच्या मायेने वाढविले. 1840 मध्ये नायगावचे खंडोजी नेवसे पाटील यांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मध्यंतरी त्यांची शाळा सुटली होती. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब ह्या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले, म्हणूनच 1841 मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

1848 मध्ये जोतीरावांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तोच चहूकडे गहजब उडाला. लोकनिंदेच्या व ज्ञातीच्या धाकाने गोविंदरावांनी 1849 मध्ये मुलगा व सून यांस घराबाहेर काढले. ज्या पित्याने पोटास चिमटा घेऊन मुलास शिकविले, त्यालाच हे करावे लागले! त्यांस दोष देणे आम्हांस सोपे नाही. कारण तो धाक घालणाऱ्यांत आपलेही पूर्वज होते.

पुढे 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांस खुला, 1873 मध्ये सत्यशोधक समाज, 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ, असे त्यांचे कार्य वाढत गेले. 1888 मध्ये मुंबईच्या जनतेने त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली.

जोतीरावांस पोटी संतान नव्हते. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा त्यांच्या आश्रयास आली असता तिला झालेला मुलगा यशवंत, हाच त्यांनी दत्तक घेतला व 1887 च्या मृत्युपत्रात आपला वारस केला. 1889 मध्ये हडपसरचे सत्यशोधक ग्यानोबा ससाणे यांनी आपली कन्या राधा त्यास दिली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव निवर्तले, तेव्हा भाऊबंदांनी यशवंताच्या हक्कास हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले व त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. यशवंत पुढे डॉक्टर झाले. 1897 च्या प्लेगात ते रोग्यांवर उपचार करीत असता सावित्रीबाई त्यांस साहाय्य करीत होत्या. त्याच रोगाने 10 मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या घरोघरी वंशावळी जपल्या जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण ज्यांस आपले भूषण म्हणतो, त्यांच्या वंशावळीतील शेवटचे नाव रक्ताने जोडलेले नाही, हे ध्यानी धरावे. भाऊबंदांनी जे नाकारले ते त्या माउलीने टिटवे उचलून मान्य केले. ह्या दोन पक्षांपैकी आपले घर कोणाच्या मागे उभे आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.