संत गोन्सालो गार्सिया : वसईचा मुलगा, रुग्णांचा धर्मबंधू

वाशिमपासून वसई लांब. त्यामुळे संत गोन्सालो गार्सिया हे नाव आपल्याकडच्या बऱ्याच मुलांच्या कानावर पडलेले नसते. वसईकर भाविक मात्र दरवर्षी फेब्रुवारीत त्यांचा सण मोठ्या भक्तिभावाने साजरा करतात.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत तो शिकला. त्यांच्यापैकी एक फादर जपानला निघाले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा गोन्सालोही त्यांच्याबरोबर जहाजात चढला. वर्ष होते १५७२. आपणही येशूसंघीय व्हायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

जपानमध्ये तो तिथली भाषा इतकी छान शिकला की लोक त्याच्याशी मोकळेपणी बोलू लागले. आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. संघात प्रवेश मात्र मिळाला नाही. लहानपणापासून जपलेले स्वप्न असे मोडले, की माणूस कडवट होतो किंवा हात टेकतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या घरांतही हे दिसते. आईवडिलांनी मनाशी ठरवलेले पोराला जमले नाही, की त्याचे आयुष्यच वाया गेले असे आपण बोलून मोकळे होतो. गोन्सालोने व्यापार सुरू केला. धंद्यात जम बसला, पैसाही आला. पण मन काही त्यात रमले नाही.

पुढे फिलिपिन्समधील मनिला शहरात त्याची फ्रान्सिस्कन व्रतस्थांशी ओळख झाली. त्यांचे साधे राहणे आणि आजाऱ्यांची सेवा पाहून त्याने धंदा सोडला व तो धर्मबंधू झाला. फादर नव्हे, साधा ब्रदर. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हा त्यांना दुभाषी हवा होता. ब्रदर गोन्सालो त्यांच्याबरोबर गेले. जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्यापुढे बोलण्यासाठी त्यांची पोरवयात शिकलेली भाषाच कामी आली.

क्योतो शहरात ह्या व्रतस्थांनी मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी दोन छोटी इस्पितळे उभारली. त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हते. घरचेही रोग्याला बाहेर काढत. आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन सुरू केले, ते अशाच टाकून दिलेल्या माणसांसाठी. प्रवचनात आपण गोन्सालोंचे मरण सांगतो, पण ह्या तीन-साडेतीन वर्षांबद्दल फारसे बोलत नाही. मला तीच वर्षे जास्त मोलाची वाटतात.

मठाच्या आसपास काही जपानी मुलेही होती. लुईस बारा वर्षांचा, अंतोन तेरा, थॉमस चौदा. ही मुले मिस्सेत सेवा करीत आणि मठातल्या व इस्पितळातल्या कामाला हातभार लावीत. थॉमसचे वडील मिखाएल हेही तिथेच राबत. ज्यांच्या जवळ जायला मोठी माणसे घाबरत, त्या रुग्णांमध्ये ही पोरे वावरत होती.

१५९६ च्या डिसेंबरात हिदेयोशींच्या हुकुमाने सर्वांना पकडण्यात आले. जानेवारीत क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतचा महिनाभराचा प्रवास. वाशिमहून मुंबई गाठावी आणि निम्मी वाट परत यावे, जवळजवळ तेवढे अंतर. वाटेत थॉमसने आईला पत्र लिहिले. ते पुढे त्याच्या वडिलांच्या कपड्यांत सापडले. नागासाकीत एका अधिकाऱ्याला छोट्या लुईसची दया आली. श्रद्धा सोडलीस तर तुला सोडतो, असे तो म्हणाला. लुईसने नकार दिला.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. पहिल्या क्रूसावर गोन्सालो होते, असे सांगतात. त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते.

१६२७ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्याच दिवशी लुईस, अंतोन आणि थॉमस हेही संत झाले.