शेपूट पुढे असलेलं विमान आणि ते उडवणारा सँटोस-ड्युमाँ

विचित्र विमानांचे फोटो आणि व्हिडिओ बघायचा मला नाद आहे. त्यात माझा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे १९०६ चं ‘१४-बिस’. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा वाटलं, कोणीतरी तो उलटा टाकलाय. पंख मागे, शेपटीसारखा चौकोनी खोका पुढे, आणि पायलट बसलेला नाही तर वेताच्या टोपलीत उभा!

टोपलीतला तो माणूस म्हणजे अल्बर्टो सँटोस-ड्युमाँ. जन्म २० जुलै १८७३, ब्राझील. वडिलांचा कॉफीचा प्रचंड मळा होता, त्यात यंत्रं आणि चक्क रेल्वे इंजिनं. पोरगा त्यातच रमायचा आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या वाचायचा. पुढे पॅरिसला गेला. घरचा पैसा भरपूर होता, तो त्याने उडण्यात घातला.

सुरुवात बलूनने झाली. पण बलून वारा नेईल तिकडे जातं. म्हणून त्याने लांबट बलूनला पेट्रोल इंजिन आणि सुकाणू लावलं, म्हणजे हवाई जहाज केलं. वर हायड्रोजन आणि खाली धडधडणारं इंजिन, म्हणजे विचार करा! तेव्हा एक बक्षीस जाहीर झालं होतं: सँ-क्लू इथून निघायचं, आयफेल टॉवरला वळसा घालून परत यायचं. अंतर सुमारे ११ किलोमीटर, वेळ ३० मिनिटं, बक्षीस १ लाख फ्रँक.

८ ऑगस्ट १९०१ ला जहाज नंबर ५ मधला गॅस गळाला आणि ते एका हॉटेलच्या छपरावर आपटलं. अल्बर्टो इमारतीच्या बाजूला लटकत राहिला. अग्निशमन दलाने त्याला वर ओढलं. दुसरा कोणी असता तर थांबला असता. हा गडी लगेच नंबर ६ च्या कामाला लागला.

१९ ऑक्टोबरला टॉवरला वळसा घातला आणि परतताना इंजिन बंद पडायला लागलं. टोपलीतून बाहेर पडून, हवेत, त्याने ते पुन्हा नीट चालू केलं. रेषा ३० मिनिटांच्या आत ओलांडली, पण दोर पकडून जहाज खाली घ्यायला थोडा वेळ जास्त गेला. परीक्षकांनी त्यावरच वाद घातला. पॅरिसची जनता मात्र त्याच्या बाजूने होती. शेवटी बक्षीस मिळालं आणि ते त्याने आपल्या कामगारांना आणि शहरातल्या गरिबांना वाटून टाकलं.

तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचाही इथे संबंध आहे. उडताना दोन्ही हात गुंतलेले, मग खिशातलं घड्याळ काढणार कसं? त्याचा मित्र लुई कार्तिए याने १९०४ च्या सुमारास त्याला मनगटावर बांधायचं घड्याळ करून दिलं. ‘सँटोस’ नावाने ते आजही विकलं जातं.

आता १४-बिस. जहाज नंबर १४ खाली टांगून त्याची चाचणी घेतली, म्हणून हे नाव. १२ नोव्हेंबर १९०६ ला ते पॅरिसमध्ये लोकांसमोर २१.५ सेकंदांत २२० मीटर उडलं. तोल सांभाळायला पंखांवर हलणाऱ्या पट्ट्या होत्या आणि त्यांच्या दोऱ्या त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला बांधलेल्या. रेसिंग गेममध्ये आपण फोन तिरका करतो ना, तसा तो स्वतः झुकायचा.

ब्राझीलमध्ये आजही त्यालाच विमानाचा जनक मानतात. माझ्या मते पहिला मान राइट बंधूंचाच. १९०३ ची त्यांची उड्डाणं खरी आहेत. पण राइट बंधू बराच काळ लपवून काम करत राहिले, आणि हा भर गर्दीत उडत होता. त्याचं पुढचं विमान ‘डेमॉझेल’ बांबूचं, इवलंसं. त्याचं पेटंट त्याने घेतलंच नाही. १९१० मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात आराखडे छापून आले, ज्याला हवं त्याने बनवावं. आजच्या भाषेत ओपन सोर्स. ज्याच्या नावाने फ्रेंच ओपनचं मैदान आहे, तो रोलाँ गॅरोस उडायला शिकला तो डेमॉझेलवरच.

१९१० मध्येच आजारपणामुळे त्याचं उडणं थांबलं. मग महायुद्ध आलं आणि विमानांतून बॉम्ब पडू लागले. हे त्याला सहन झालं नाही. १९२६ मध्ये त्याने राष्ट्रसंघाला विनंती केली, की युद्धात विमानं वापरू देऊ नका. कोणी ऐकलं नाही. १९२८ मध्ये तो बोटीने रिओला परतला तेव्हा स्वागताला निघालेलं, त्याचंच नाव दिलेलं विमान समुद्रात कोसळलं. आतले सगळे गेले. या धक्क्यातून तो सावरला नाही.

१९३२ मध्ये साओ पाउलोत बंड झालं आणि ब्राझीलचीच विमानं ब्राझीलच्याच लोकांवर चालून गेली. २३ जुलैला, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे कारण पुढे बरीच वर्षं झाकून ठेवलं गेलं.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनात १४-बिसची प्रतिकृती स्टेडियमवरून उडताना दाखवली होती. व्हिडिओ सापडला तर जरूर बघा. विमान नेमकं कुठल्या बाजूला चाललंय, हे कळायला दोन सेकंद लागतातच.