थायरॉईडची गाठ : आधी तपासणी का? डॉ. कोखर यांच्या आयुष्यातला धडा

गळ्यातली गाठ आधी सुईने तपासू, असे डॉक्टर म्हणाले की तुम्हाला वाटू शकते, सरळ काढूनच का टाकत नाहीत? याचे उत्तर एका सर्जनच्या आयुष्यात सापडते.

थिओडोर कोखर यांचा जन्म 1841 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला. वयाच्या 30 व्या वर्षी ते तिथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. अन्नपाण्यात आयोडीन कमी असल्याने त्या डोंगराळ भागात गलगंडाचे रुग्ण खूप होते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गामुळे शस्त्रक्रियेत अनेक जण दगावत. कोखर निर्जंतुकीकरण काटेकोरपणे पाळत आणि एकेक रक्तवाहिनी बांधत सावकाश काम करत. पुढे त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी झाले.

1874 मध्ये त्यांनी एका 11 वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम भरली, पण काही वर्षांत तिची वाढ खुंटली, बुद्धी मंदावली. हे कळल्यावर कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेल्या 18 जणांना तपासले, तर 16 जणांची अशीच अवस्था होती. 1883 मध्ये त्यांनी ही गोष्ट बर्लिनमध्ये सर्जनांसमोर उघडपणे मांडली. साध्या गलगंडात ग्रंथीचा काही भाग राखायचा, हे त्यांनी ठरवले. 1909 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1917 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ग्रंथी काढली तरी थायरॉक्सिनची गोळी मिळते, पण ती आयुष्यभर घ्यावी लागते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. म्हणून सोनोग्राफीत शंका आल्यास बारीक सुईने पेशी काढून तपासतात. ही एफएनएसी. मात्र फॉलिक्युलर प्रकारात गाठीचे आवरण भेदले गेले आहे का, हे सुईने कळत नाही. अशा वेळी अनेकदा निम्मी ग्रंथी काढून पूर्ण तपासणी करतात. काही वेळा शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. त्यातही खात्री न झाल्यास अंतिम रिपोर्टसाठी काही दिवस थांबावे लागते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जरूर विचारा : एफएनएसीत काय आले? ग्रंथी निम्मी काढणार की पूर्ण, आणि का?