कॉलिन चॅपमन: ज्याच्या आयडियांनी एफ-वन वेगवान झालं आणि ओव्हरटेक करणं अवघड

२०२३ च्या फॉर्म्युला वन सीझनमध्ये २२ शर्यती झाल्या. त्यातल्या १९ एकट्या मॅक्स व्हर्स्टॅपनने जिंकल्या. त्याच्या रेड बुल टीमने एकूण २१. तेव्हापासून रेसिंग बघणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्रार हमखास दिसते: एफ-वन बोअर झालंय, पूर्वी खरी टक्कर असायची.

पूर्वी म्हणजे कधी? आपल्याकडे ग्रेटर नोएडात २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबॅस्टियन वेटेलने जिंकल्या. म्हणजे तेव्हा तरी नाही. अजून मागे जायचं तर एका ब्रिटिश इंजिनिअरचं आयुष्य बघावं लागतं. आजच्या एफ-वन गाडीतल्या कितीतरी गोष्टी त्याच्या कारखान्यातून आल्या. ओव्हरटेक करणं अवघड का झालं याचं उत्तरही बऱ्याच अंशी तिथेच सापडतं, आणि त्यावरचा उपायसुद्धा. त्याचं नाव कॉलिन चॅपमन, लोटस कंपनीचा संस्थापक.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. मुलगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. शिकता शिकता तिथल्या एअर स्क्वाड्रनमध्ये विमान उडवायला शिकला आणि जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदाही करू लागला. शेवटच्या वर्षी गणितात अडकला. आपल्या भाषेत सांगायचं तर केटी लागली. पेपर पुन्हा देऊन १९४९ मध्ये डिग्री मिळाली.

ही डिग्री ऑटोमोबाईलची नव्हती, हे लक्षात ठेवा. पूल, इमारती, छत यांच्यावर भार कुठून कुठे जातो याचा हिशेब करणारी ती विद्या. चॅपमन गाडीकडेही तसंच बघायचा. प्रत्येक भागाला तो विचारायचा, तू नक्की कोणता भार उचलतोस? उत्तर नसेल तर तो भाग जायचा. एकाच भागाकडून दोन कामं करून घेता आली तर फारच छान. १९४८ मध्ये त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बनवली. १९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली, पबच्या मागच्या जुन्या तबेल्यात. त्यासाठी २५ पौंड त्याला हेझल विल्यम्सने उसने दिले. पुढे १९५४ मध्ये दोघांनी लग्न केलं.

सुरुवातीच्या लहान स्पोर्ट्स गाड्या मी भरभर ओलांडतो, कारण खरी गंमत १९६२ मध्ये आहे. तोवर रेसिंग गाडी म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वरून पातळ पत्र्याचं कव्हर. चॅपमनच्या लोटस २५ मध्ये सांगाडाच नव्हता. अॅल्युमिनियमच्या पत्र्यांची बंद पेटी केली आणि त्या पेटीनेच सगळा भार उचलायचा. याला मोनोकॉक म्हणतात. अंड्याचं कवच डोळ्यासमोर आणा. आत एकही खांब नाही, तरी घट्ट. गाडी हलकी झाली, अरुंद झाली आणि वळणावर पिळवटायची थांबली. आजच्या एफ-वन गाड्या कार्बन फायबरच्या असतात, पण तत्त्व हेच.

याचा टकरीवर काय परिणाम झाला? १९६३ मध्ये लोटसच्या जिम क्लार्कने १० पैकी ७ शर्यती जिंकल्या. त्या वर्षीच्या बेल्जियमच्या शर्यतीत दुसऱ्या नंबरची गाडी त्याच्यामागे जवळपास पाच मिनिटांनी आली. पाच मिनिटं! आज विजेता वीस सेकंदांनी पुढे असला की लोक टीव्ही बंद करतात. १९६५ मध्ये क्लार्क पुन्हा चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० ही शर्यत २०० पैकी १९० लॅप्स आघाडीवर राहून जिंकला. एकाच गाडीने सगळ्यांना धुऊन काढणं हा प्रकार रेसिंगमध्ये नवा नाही, एवढं यावरून दिसतं.

मग टक्कर कधी होती? होती, आणि तीही चॅपमनमुळेच, पण त्याच्या मनाविरुद्ध.

१९६६ पासून एफ-वनमध्ये तीन लिटरच्या इंजिनांचा नियम आला आणि लोटसकडे चांगलं इंजिनच नव्हतं. चॅपमनने फोर्ड कंपनीला पटवलं. फोर्डने १ लाख पौंड दिले आणि कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने डीएफव्ही नावाचं व्ही-एट इंजिन बनवलं. लोटस ४९ मध्ये ते इंजिन चेसिसवर नुसतं ठेवलेलं नव्हतं, तेच गाडीचा मागचा अर्धा भाग होतं. मागचं सस्पेन्शन थेट इंजिनला आणि गिअरबॉक्सला जोडलेलं. पुन्हा तेच, एका भागाकडून दोन कामं. ४ जून १९६७ ला झांडफोर्टला ही गाडी पहिल्यांदा धावली आणि क्लार्कने ती शर्यत जिंकली.

हे इंजिन फक्त आपल्याकडे राहावं ही चॅपमनची इच्छा होती. पण फोर्डने बघितलं, की असंच चाललं तर दुसरं कोणी जिंकणारच नाही. १९६८ पासून साडेसात हजार पौंड मोजणाऱ्या टीमला डीएफव्ही मिळू लागलं. मॅक्लारेन, टायरेल, नंतर विल्यम्स अशा छोट्या टीम्स त्या इंजिनावर उभ्या राहिल्या. १९८३ पर्यंत त्याने १५५ ग्रांप्री जिंकल्या. सगळ्यांकडे एकच प्रोसेसर असला की फरक बाकी डिझाइनवर पडतो, तसं झालं. ज्या सत्तरच्या दशकाच्या आठवणी काढल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा टकरीचं कारण हे आहे: चांगलं इंजिन दुकानात मिळत होतं.

दुसरं कारण हवा. १९७१ ची मोंझाची शर्यत पीटर गेथिनने एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली आणि पहिल्या पाच गाड्या ०.६१ सेकंदात आल्या. मोंझाला तेव्हा लांबच लांब सरळ रस्ते होते. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा अडथळा कमी असतो, त्यामुळे मागचा जास्त वेग पकडतो आणि बाहेर पडून पुढे जातो. याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. मागे राहण्यात फायदा होता. पुढच्या काळात वळणांवर याच्या उलट झालं.

त्याची सुरुवात १९६८ मध्ये झाली. त्या वर्षी मोनॅकोत ग्रॅहम हिलच्या लोटस ४९बी च्या नाकावर दोन छोटे पंख होते आणि मागचा भाग वर उचललेला होता. दोनच आठवड्यांनी बेल्जियमला फेरारी आणि ब्रॅबहॅमने मागे मोठे पंख लावले. विमानाचा पंख उलटा लावला की वर उचलण्याऐवजी तो खाली दाबतो. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. टायर रस्त्यावर दाबले जातात, पकड वाढते, वळणावर वेग कमी करावा लागत नाही. पण यासाठी पंखाला समोरून स्वच्छ, सरळ वाहणारी हवा लागते. पुढे दुसरी गाडी असेल तर तिने घुसळून टाकलेली हवा मिळते. डर्टी एअर म्हणतात ती हीच. वळणात मागच्याची पकड सुटते, टायर तापतात आणि तो जवळ येऊच शकत नाही. पंख जितके महत्त्वाचे होत गेले, तितकं पाठलाग करणं अवघड होत गेलं.

हे सगळं पुढचं. त्या वेळी प्रश्न जिवाचा होता. ७ एप्रिल १९६८ ला हॉकेनहाइमच्या फॉर्म्युला टू शर्यतीत क्लार्कची लोटस ट्रॅक सोडून झाडांवर आदळली आणि तो गेला. पुढच्या वर्षी बार्सिलोनात हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. दोघे वाचले. रिंटने त्यानंतर चॅपमनला पत्र लिहून कळवलं, की गाड्यांचे कमजोर भाग मजबूत करा, त्यासाठी थोडे किलो वाढले तरी आपण वेगवान राहू. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझाला सराव चालू असताना रिंटच्या लोटस ७२ च्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला. तो त्या अपघातात गेला, आणि त्याचे गुण कोणी ओलांडू न शकल्याने मृत्यूनंतर चॅम्पियन ठरला.

भाग हलका करताना सुरक्षिततेसाठी किती जास्तीची ताकद ठेवायची, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. चॅपमन ती रेघ फार जवळून ओढायचा, असं माझं मत आहे. जुन्या शर्यती थरारक वाटतात, त्या थरारात कोणती गाडी कधी मोडेल हे माहीत नसण्याचा वाटाही होता. तो वाटा परत नको.

लोटस ७२ मात्र चालत राहिली. पाचरीसारखं नाक, रेडिएटर दोन्ही बाजूंना. १९७२ मध्ये एमर्सन फिटिपाल्डी तिच्यावर चॅम्पियन झाला. मग लोटसची गाडी अडली, आणि १९७५ मध्ये चॅपमनने एक लांबलचक टिपण लिहून टोनी रड आणि पीटर राइट यांच्या गटाला कामाला लावलं. इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये गाडीचं मॉडेल तपासताना आकडे विचित्र यायला लागले. मॉडेलच्या बाजू झुकून जमिनीजवळ जात होत्या आणि तेव्हा डाउनफोर्स एकदम वाढत होता. पाण्याच्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात जातं. तसंच गाडीखालच्या अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, तिचा दाब घटतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून दोन्ही कडांना जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या लावल्या. हाच ग्राउंड इफेक्ट. अख्खी गाडीच एक पंख झाली.

१९७७ ची लोटस ७८ आणि मग १९७८ ची ७९. त्या वर्षी लोटसने आठ शर्यती जिंकल्या आणि मारिओ आंद्रेत्ती चॅम्पियन झाला. पण ज्या मोंझाला हे नक्की झालं, तिथेच स्टार्टच्या धडकेत त्याचा साथीदार रॉनी पीटरसन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आनंद साजरा करायला कोणी उरलं नव्हतं.

बाकीच्यांनी ही आयडिया उचलली आणि विल्यम्सने ती लोटसपेक्षा चांगली बनवली. चॅपमन आणखी पुढे जाऊ बघत होता. १९८१ ची लोटस ८८ म्हणजे एकात एक अशा दोन चेसिस. तिच्यावर बंदी आली, तो प्रचंड चिडला. १९७८ नंतर जवळपास चार वर्षं लोटसने एकही ग्रांप्री जिंकली नाही. मग १९८२ च्या ऑस्ट्रियाच्या शर्यतीत एलिओ दे आंजेलिसने केके रोसबर्गला ०.०५ सेकंदाने मागे टाकलं आणि चॅपमनने आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे टोपी हवेत उडवली. त्या सीझनला १६ शर्यतींत ११ वेगवेगळे विजेते झाले. ग्राउंड इफेक्ट, टर्बो, जुनं डीएफव्ही, सगळं एकाच वेळी ट्रॅकवर होतं. पण गाड्या बंद पडायच्याही खूप. आणि जिल व्हिलनव्ह याच सीझनमध्ये गेला.

१६ डिसेंबर १९८२ ला चॅपमनला हार्ट अॅटॅक आला. वय ५४. त्याच्या नावावर सात कन्स्ट्रक्टर्स आणि सहा ड्रायव्हर्सच्या चॅम्पियनशिप होत्या. मागे एक वाईट प्रकरणही राहिलं. डीलोरियन गाडीचं इंजिनिअरिंग लोटसने केलं होतं आणि त्या कामाचे सुमारे पावणेदोन कोटी डॉलर एका परदेशी कंपनीमार्फत गायब झाले. लोटसचा हिशेब बघणारा फ्रेड बुशेल १९९२ मध्ये तुरुंगात गेला. चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असं न्यायाधीशांनी म्हटलं होतं.

१९८३ पासून गाडीचा तळ सपाट हवा असा नियम आला. गाडीखालचा डाउनफोर्स घटला, म्हणून इंजिनिअर पंखांवर तुटून पडले. हे पंख वर्षागणिक गुंतागुंतीचे होत गेले आणि डर्टी एअर वाढत गेली. २०११ मध्ये डीआरएस आणावं लागलं, म्हणजे मागच्याला सरळ रस्त्यावर पंख उघडून वेग घेण्याची परवानगी. फॉर्म्युला वनने दिलेल्या आकड्यांनुसार २०२१ ची गाडी पुढच्या गाडीच्या १० मीटर मागे असताना ४६ टक्के डाउनफोर्स गमवायची. म्हणून २०२२ ला नियम बदलले आणि गाडीखालचे बोगदे परत आले. खालून मिळणारा डाउनफोर्स डर्टी एअरमध्ये कमी बिघडतो. हा तोटा १८ टक्क्यांवर येईल असा अंदाज होता.

व्हर्स्टॅपनचा २०२३ चा सीझन या नव्या नियमांतलाच. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, सात ड्रायव्हर्सनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या. नियम तेच, फक्त बाकीच्या टीम्सना रेड बुलला गाठायला वेळ लागला, जसा १९७८ नंतर विल्यम्सला लागला होता.

२०२२ च्या टेस्टिंगचे व्हिडिओ बघा. सरळ रस्त्यावर मर्सिडीज आणि फेरारी उड्या मारताना दिसतील. गाडी खाली ओढली जाते, तळ रस्त्याच्या फार जवळ गेला की हवा अडते, ओढ सुटते, गाडी वर येते आणि पुन्हा खाली. याचं नाव पॉर्पॉइझिंग. १९७९ च्या लोटस ८० ला नेमकं हेच होत होतं, आणि चॅपमनने ती गाडी तीन शर्यतींनंतर गॅरेजमध्ये ठेवून दिली होती.