लक्ष्मणराव किर्लोस्कर : हातोडा हाती घेतलेला मास्तर

शिरूर अनंतपाळ तालुक्यातली आपली मुले-मुली आज आयटीआयला जातात, लातूरच्या तंत्रनिकेतनात जातात, नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी महाविद्यालयात इंजिनिअरिंग करतात. मेकॅनिकल शाखा घेणाऱ्या प्रत्येकाने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र समजून घ्यायला हवे. कारखानदार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण त्याआधी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यंत्रांची रेखाचित्रे शिकवणारे मास्तर होते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक, पण मुलाचे मन पोथीत रमले नाही. त्याला चित्रे आणि यंत्रे आवडत. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. यंत्राच्या रेखाचित्राला मात्र रंग लागत नाही, लागते ते माप आणि नजर. त्यातच त्यांनी प्रावीण्य मिळवले आणि त्याच जोरावर शिक्षकाची नोकरी मिळाली.

त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. वर्कशॉपमध्ये यंत्रे उघडून, जोडून आणि इंग्रजी तांत्रिक पुस्तके वाचून त्यांनी ज्ञान मिळवले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. कामाऐवजी जन्म पाहून माणसाची किंमत ठरवली की काय वाटते, याचा अनुभव ब्राह्मण घरातल्या या मास्तरांनी एकदा घेतला. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो रोज घेतला आणि त्यांच्याकडे राजीनामा द्यायलाही जागा नव्हती. गावकीची कामे जन्मानेच गळ्यात पडलेली होती.

बेळगावात भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत त्यांचे सायकलींचे दुकान होते. नंतर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी नांगर सुधारत नेला आणि तो कसा चालतो ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. समजूत खोटी ठरली ती शेतातल्या अनुभवाने. ऐकीव गोष्ट तपासून पाहा, ही बुद्धांची शिकवण मानणाऱ्या आपल्याला यात काही नवे वाटू नये.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर माळरान दिले. निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीचे राखणदार नेमले. ज्या काळात गावच्या पाणवठ्यावर आपल्याला बंदी होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. तिचे मोल मान्य केलेच पाहिजे.

पण समाजशास्त्राच्या अभ्यासकाने पुढचा प्रश्नही विचारायला हवा. ब्राह्मणाने हातोडा उचलला तर ते धाडस ठरते. लोहार, सुतार, चांभार, मातंग, महार पिढ्यानपिढ्या हातांनीच काम करत आले, त्यांच्या कसबाला मान का मिळाला नाही? जातीने कामे वाटलीच, शिवाय कामे करणाऱ्या माणसांची उतरंडही रचली. विद्या एकीकडे आणि हत्यार दुसरीकडे ठेवले. लक्ष्मणरावांनी दोन्ही एकत्र आणले, कारण त्यांना दोन्हीकडे जाता येत होते. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. आपल्याला मात्र आधी शाळेच्या दारासाठीच लढावे लागले.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कारकुनीने समाज उभा राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज आपल्या मुलांना मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्या प्रयत्नांतून आलेली आहे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात वारले. त्यानंतर अठरा दिवसांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांच्या चरित्रातून आपण घ्यायचे ते हे : पदवी असो वा नसो, यंत्र उघडून पाहण्याची सवय, वाचन, आणि अपमान झाल्यावर स्वतःचे काही उभे करण्याची जिद्द. मात्र जिद्दीला भांडवल आणि जमीनही लागते. लक्ष्मणरावांना औंधचा राजा भेटला, आपल्याला तो भेटणार नाही. आपल्याला शिष्यवृत्ती वेळेवर मिळवण्यासाठी भांडावे लागेल, कर्ज योजनांचा पाठपुरावा करावा लागेल आणि चार-पाच जणांनी मिळून वर्कशॉप काढावे लागेल. विहारात वाचनालय असेल तर त्यात एक कपाट तांत्रिक पुस्तकांचे असावे. फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक झालेल्या आपल्या भावा-बहिणींनी रविवारी तिथे बसून लहानांना ड्रॉइंग वाचायला शिकवावे. याला राजाची गरज नाही.

जय भीम.